येसूचा जंत

येसू आता मुंबईचीच होणार, ही काळजी सुगंधाबाईंच्या मनात शिरली ती बांगड्यांमुळे.

चीनच्या लढाईनंतरची पुढची दिवाळी. येसू सकाळच्या बोटीने मालवण बंदरात उतरली होती. आंघोळ करून, ओले केस पाठीवर सोडून ती मागीलदारी आईशेजारी येऊन बसली. सुगंधाबाई विळीवर बांगडे कापत होत्या. येसूने थोडा वेळ बघितलं आणि सहज म्हणाली, "आमच्याकडे मासळीला आधी बेसन चोळून घेतात, आई. वास अगदी जातो."

सुगंधाबाईंचा हात थांबला. "आमच्याकडे म्हणजे खंय गो?"

"अगं, बाईंकडे. ठाकुरद्वारला."

एवढंच. येसू उठून तुळशीकडे गेलीसुद्धा. पण सुगंधाबाईंच्या घशात ते वाक्य काट्यासारखं अडकलं. मालवणच्या घरात जन्मलेली पोर मालवणच्या घरात बसून दुसऱ्याच घराला 'आमच्याकडे' म्हणते! शिवाय ती 'आये' म्हणाली नव्हती, 'आई' म्हणाली होती. बांगड्यांचं तिखलं त्या दिवशी खारट झालं आणि भाईंनी, म्हणजे येसूच्या वडिलांनी, मुकाट्याने दोनदा भात घेतला.

बाई म्हणजे डॉक्टर कोठारे. येसूच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. लग्न केलेलं नाही. मुंबईत ठाकुरद्वारला वडिलार्जित घर, घरात टेलिफोन, स्वयंपाकाला गडी, आणि जर्मनीहून आणलेली दुर्बीण, सूक्ष्म वस्तू बघायची. येसू मामाकडे राहून एम. एस्सी. करत असताना मामाची नागपूरला बदली झाली, तेव्हा बाईंनी आपल्या घरातली एक खोली तिला दिली. तिथवर सुगंधाबाईंची काही तक्रार नव्हती. उलट त्यांनी बाईंना आंबोशी आणि कोकमं पाठवली होती. पण पुढच्याच वर्षी येसूला मुदतीचा ताप आला, आणि तो आल्याचं मालवणात कळलं ते ताप उतरल्यावर. बाईंनी रात्री जागवल्या, पेज भरवली, केस कापले. "तुम्ही उगाच घाबराल म्हणून कळवलं नाही," असा त्यांचा निरोप आला. भाई म्हणाले, केवढे उपकार! आपल्या मुलीच्या कपाळावर आपल्याला न विचारता दुसऱ्या बाईने हात ठेवला, हा उपकार त्यांना कधी पचला नाही.

आणि ही मुलगी काही कोणाच्याही हाताला लागणारी नव्हती. लहानपणी इतर पोरी सागरगोटे खेळत, तेव्हा येसू समुद्रकाठच्या खडकांत, खडपात, पालथी पडून डबक्यात बघत असायची. हाक मारली तर ऐकू जायची नाही. परकर फाटलेला, गुडघे खरचटलेले, आणि मुठीत काहीतरी वळवळणारं. सासूबाई म्हणत, "ह्या चेडवाक उजवूक मुश्किल." तेव्हा सुगंधाबाईच तिच्या बाजूने उभ्या राहत. त्या स्वतः मुंबईला इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या. बेडकाचं हृदय स्वतःच्या हाताने उघडून पाहिलेली सून त्या वेळी अख्ख्या आळीत एकच होती. लग्न झालं, मालवणला आल्या, आणि ते शिक्षण भांड्यांच्या फळीवर मागे सरकत गेलं. येसूला त्यांनीच नाकतोड्याचे पाय मोजायला शिकवले, मॅट्रिकनंतर सगळ्यांशी भांडून मुंबईला पाठवलं. रांधलं त्यांनी, आणि ताटावर येऊन बसली ती कोठारेबाई.

येसूचं काम असं होतं: खडपातल्या शेवाळात राहणारे सूत्रकृमी शोधायचे. धाग्यासारखे, डोळ्यांना न दिसणारे. ओल्या शेवाळाची मूठ भरली तर त्यात शेकड्यांनी. त्यात तिला आदल्या वर्षी एक निराळाच सापडला होता. डोक्याशी तांबूस दोन ठिपके, त्वचेवर बारीक आडव्या रेघा, शेपूट टोकाला मुडपलेलं. कुठल्याच ग्रंथात तो नव्हता. बाई म्हणाल्या, ही नवी जात आहे, जगात कोणी वर्णन केलेली नाही.

"येसू शिकान शिकान काय बघता, तर जंत!" शेजारची काशीबाई कुंपणाच्या कुडणावरून मान काढून म्हणाली होती. "आमच्या धोंडूच्या पोटात होते, तेवा ह्याका बोलवूक व्हया होता."

"ते जंत वेगळे, काशीकाकी," येसू हसत म्हणाली. "हे कोणाला त्रास देत नाहीत."

"मगे तेंका कित्याक त्रास देतंस?"

अडचण एकच होती. जेवढे मिळाले, त्या सगळ्या माद्या. या कृमींची जात ठरते ती नरावरून. नराच्या शेपटीपाशी दोन वाकड्या काट्या असतात, त्यांची लांबी, त्यांचा बाक, त्यावर सगळं अवलंबून. नर बघितल्याशिवाय वर्णन छापायला कोणी घेणार नाही, आणि बाई तर पाठवूच देणार नाहीत. म्हणून येसू दिवाळीला आली होती. काशीबाईला हेही कळलंच. "नर गावना नाय? कोणाक, किड्याक की येसूक?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला पाणी खूप मागे गेलं, तेव्हा मायलेकी मिळून खडपात गेल्या. आईने टोपली धरली, लेकीने शेवाळ खुडलं. तपकिरी, हिरवं, पंख्यासारखं, सगळं वेगवेगळं. घरी आणून विहिरीच्या कट्ट्यावर समुद्राच्या पाण्यात धुतलं. येसू खळखळून पहिलं पाणी काढी, त्यातली वाळू-माती बघून तोंड वाकडं करी आणि ते नारळाच्या मुळात ओतून देई. मग दुसऱ्या पाण्यात औषधाचे थेंब टाकून शेवाळ ठेवी. कृमी सुटून तळाशी बसत, ते रेशमी फडक्यातून गाळून घेई. मग माजघरातल्या खिडकीत जुन्या पितळी दुर्बिणीला डोळा लावून बसे. ही दुर्बीण एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून भाईंनी घेतली होती. येसू संध्याकाळपर्यंत बसे. मादी, मादी, पिल्लू, मादी.

त्या दिवसांत सुगंधाबाईंना फार बरं वाटलं. लेक खिडकीत होती, हाकेच्या अंतरावर होती. पण मध्येच येसू मान वर करून म्हणे, "बाई असत्या तर त्यांनी बरोबर ओळखलं असतं," किंवा "बाई म्हणतात, घाईनं बघणारा काहीच बघत नाही." एकदा सुगंधाबाईंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "ह्या किड्याक नाव काय देतलंस?"

येसूचा चेहरा उजळला. "बाईंचं. लॅटिन करून. स्वतःचं द्यायची रीत नाही. आपल्या गुरूचं देतात, नाहीतर आपल्या माणसाचं."

आपल्या माणसाचं! सुगंधाबाईंनी चहाची कपबशी जरा जोरातच ठेवली. "बरां. म्हणजे कोठारेबाई कायमच्या शेवाळात रवतल्या."

भाई ओटीवरून हसले. "तुझां नाव द्यायचां काय गो? उद्या काशीबाय आळीभर सांगीत, सुगंधा जंत झाली!"

सुगंधाबाईही हसल्या. हसत हसत येसूची अर्धी भरलेली कपबशी उचलून आत गेल्या.

येसू रिकाम्या हातांनी परतली. बोटीकडे जाणाऱ्या पडावात बसताना म्हणाली, "शिमग्यापर्यंत बघणार. नर मिळाला नाही तर शिष्यवृत्ती पुढे मिळणार नाही. मग येते परत. भाईंनी इथल्या हायस्कुलात नोकरीचं विचारून ठेवलंच आहे." तिने हात हलवला. पडाव लांब गेला. भाई डोळे पुसत होते. सुगंधाबाईंच्या मनात मात्र एक शब्द घट्ट बसला होता: येते परत.

मग त्या वाट बघू लागल्या, आणि ती वाट कशाची ते त्यांना नीट ठाऊक होतं. रवळनाथासमोर त्या रोज हात जोडत, पण काय मागायचं तिथे जीभ अडत असे. पोरीचं भलं कर, एवढं म्हणून परत फिरत. मनातल्या मनात येसू हायस्कुलात जाऊन यायची, संध्याकाळी दाराशी चपला काढायची, आणि कोठारेबाई ठाकुरद्वारच्या मोठ्या घरात गड्याच्या हातचं एकटी जेवायची. हे दुसरं चित्र त्यांना जरा जास्तच आवडे.

माघात एक दिवस त्या टोपली घेऊन एकट्या खडपात गेल्या. कशाला? नर तिथे नाहीच, याची खात्री करून घ्यायला. पोर दोन वर्षं शोधतेय, तिला नाही मिळाला, म्हणजे नसणारच. पण आपल्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे मन शांत होईल. नाही तर नाही. मग येसू आली की तिला सांगता येईल, मीही बघितलं हो, कुठे काही नव्हतं.

येसू करायची तसंच सगळं त्यांनी केलं. पहिलं पाणी काढलं, आणि बादली उचलून अबोलीच्या वाफ्याकडे वळल्या.

"गो, खारां पाणी थंय ओतू नको!" भाई ओटीवरून ओरडले. "अबोली मरात!"

"मगे खंय ओतू?"

"खंयव ओत, अबोलीत नको."

तेवढ्यात काशीबाई मीठ मागायला आली, तिच्या गप्पा लांबल्या, आणि बादली विहिरीच्या कट्ट्यावर तशीच राहिली. दुसऱ्या पाण्यातलं सुगंधाबाईंनी गाळलं, बघितलं. माद्या, पिल्लं. मन कसं शांत झालं. सकाळी बादली विसळायला गेल्या, तर तळाशी वाळूवर पिठासारखा पातळ थर बसलेला. टाकणारच होत्या. पण इंटर सायन्सची जुनी खोड कधीतरी अशी जागी होते. त्यांनी चमचाभर गाळ काचेवर घेतला आणि खिडकीत जाऊन बसल्या.

वाळूचे कण दगडांसारखे दिसत होते, आणि त्यांच्यामधून एक धागा चाबकासारखा उसळत होता. डोक्याशी तांबूस दोन ठिपके. शेपूट मुडपलेलं. सुगंधाबाईंनी येसूसारखाच औषधाचा थेंब सोडला. धागा संथ झाला. त्यांनी स्क्रू हळूहळू फिरवला. शेपटीपाशी, कातडीच्या आत, विणायच्या दोन सुया जोडीने वाकवून ठेवाव्यात तशा दोन पिवळसर काट्या.

आणखी बघितलं. आणखी एक. बादलीत ते भरपूर होते.

कसं झालं ते आता उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं. माद्या शेवाळाला चिकटून बसणाऱ्या. नर मोकळे फिरणारे, शेवाळ हलवलं की लगेच सुटणारे. ते पहिल्याच पाण्यात निघून जात होते, आणि ते पाणी येसू दर वेळी नारळाला घालत होती. इंग्रजी ग्रंथात फक्त 'धुवावे' असं लिहिलेलं. पहिलं पाणी टाकावं असं त्यात कुठेच नव्हतं. ते या घरातलं होतं. भाजी असो, तांदूळ असो, मुळे-तिसऱ्यांचे शिंपले असोत, पहिलं पाणी टाकायचं. सासूबाई म्हणत, पयलां पाणी मातयेचा. सुगंधाबाई या घरात सून होऊन आल्यावर ते शिकल्या होत्या, आणि येसू त्यांच्या पदराला धरून. एवढी शिकली, मुंबईची झाली, मासळीला बेसन चोळायला लागली, पण शेवाळाला हात लावला की हात आईचाच चालत होता! कोठारेबाईंना हे कधी कळणार होतं? त्यांनी जन्मात कधी पालेभाजी धुतली असेल?

सुगंधाबाईंच्या अंगावर सुखाचा काटा आला. त्या क्षणी त्या बाईवर त्यांनी मात केली होती.

आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की हे सांगितलं तर नर येसूला मिळेल, येसू ठाकुरद्वारला मिळेल, आणि नाव कोठारेबाईंना.

त्यांनी नर वेचून येसूने ठेवलेल्या औषधाच्या कुपीत घातले. कुपीला बूच लावलं. ती कुपी लोणच्याच्या बरण्यांमागे ठेवली. फेकून दिली नाही, एवढंच. पुढचे दिवस त्या घरात वावरत होत्या, पण लक्ष सगळं त्या फळीकडे. भाईंनी विचारलं, "आज गप्पशी?" तर म्हणाल्या, "उकडता." भाचीच्या लग्नाला भाई एकटेच मुंबईला गेले. सुगंधाबाई पाय दुखण्याचं निमित्त करून राहिल्या. येसूच्या तोंडाकडे बघून आपल्याला गप्प राहता येणार नाही, याची त्यांना भीती होती.

भाई परतले ते शिमग्याच्या तोंडावर. जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि थांबले.

"येसू येतली," ते म्हणाले. "पेटी भरता."

सुगंधाबाईंच्या हातातला डाव आमटीत स्थिर झाला. "बरां झाला. खोली झाडून ठेवतंय."

"बरां काय झाला? तां चेडू बोलना नाय गो. लग्नात कोपऱ्यात बसला. जेवताना समोर पान, आणि हात तसोच. मी म्हटलंय, बाय, हायस्कूल काय वायट? हय म्हणाला. नुसता हय." भाईंनी भात कालवला, पण उचलला नाही. "निघताना कोठारेबाई जिन्यापर्यंत इली. ती कशी ती तुका म्हायत नाय, कधी मोठ्यान बोलणारी नाय. माका म्हणाली, 'मुलीला घेऊन जा. माझ्याकडे ठेवून घेतली असती, पण असं तिच्याकडे रोज मला बघवत नाही.' आणि वळान आत गेली. रडत होती, वाटता."

सुगंधाबाईंनी भाईंच्या पानावर आमटी वाढली, ती भाताच्या बाहेर गेली.

म्हणजे तिला बघवत नाही! जिने येसूला जन्म दिला नाही, न्हाऊ घातलं नाही, जिने त्या पोरीचं पहिलं रडणं ऐकलं नाही, तिला बघवत नाही. तिच्याकडे द्यायला काही नाही म्हणून ती मुलगी परत पाठवतेय. आणि जिच्याकडे द्यायला आहे, ती बरण्यांच्या मागे कुपी लपवून आमटी वाढतेय. ती कोठारेबाई जिन्यात उभी राहून रडली, आणि आपण? आपण खोली झाडणार होतो. येसू आली असती, दारात चपला काढल्या असत्या, समोर पान आणि हात तसाच. ते आपल्याला बघवलं असतं?

सुगंधाबाईंना कोठारेबाईंचा इतका राग कधीच आला नव्हता. नाव घ्या, खोली घ्या, टेलिफोन घ्या. पण त्यांच्यापेक्षा जास्त माया करायची? ते मात्र त्या चालू देणार नव्हत्या.

"तुम्ही जेवा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन नेसूचं बदलू लागल्या.

"खंय चललंस?"

"पोस्टात."

"आत्ता?"

"पोस्ट बंद झाल्यार मगे उद्याच. आणि उद्या ती बोटीत बसात."

पुढच्या दाराने बाहेर पडल्या, तर काशीबाई कुडणापाशी तांदूळ पाखडत होती. बदललेलं लुगडं बघून तिने सूप खाली ठेवलं. "लगबगीन खंय गो?"

"मुंबईक ट्रंक कॉल लावूक."

काशीबाईचा हात तोंडावर गेला. मालवणात ट्रंक कॉल लावायचा तो एकाच कारणासाठी. "आवशीक गो माझ्या! कोण गेला?"

"कोण जाऊक नाय. राजी-खुशी असा सगळां."

"मगे कॉल कित्याक? पत्र नाय पोचणा?"

"नाय पोचणा," सुगंधाबाई म्हणाल्या आणि पाय उचलला.

रस्त्याला ऊन लागत होतं. पोस्टातला तारबाबू आधी कॉल नोंदवून घेईल, मग ताटकळत बसावं लागेल, लाइन मिळेल न मिळेल, मिळाली तर मध्येच तुटेल. म्हणून काय बोलायचं ते चालता चालताच त्यांनी पक्कं केलं. ओरडून बोलावं लागतं, तेव्हा शब्द थोडे हवेत. पेटी सोड. नर आहेत माझ्याकडे, कुपीत घालून ठेवलेत. ते कुठल्या पाण्यात मिळाले ते तिलाच सांगायचं, आणि मालवणीतच सांगायचं. नाव कोणाचं द्यायचं ते तिने ठरवावं, त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. बोलावंसं फार वाटेल, तरी नाही.

ठाकुरद्वारला फोन कोठारेबाईच उचलणार, हे त्यांना माहीत होतं. उचलू देत. नमस्कार करायचा, अगदी शुद्ध मराठीत, आणि म्हणायचं: मी येसूची आई बोलतेय, तिला बोलवा.